कडी बाहेरून होती

ता. ९ जानेवारी

प्रिय भाऊजींना वहिनीचा प्रभूमध्ये सलाम.

पोचल्याचं कार्ड मिळालं. सहा ओळी, त्यातल्या चार तिथल्या हवेवर. हवा इथेही आहे हो, भाऊजी. काय खाता, कुठे झोपता, छपराला भोक आहे का, ते लिहीत जा.

सोबत पुडकं पाठवते आहे. फ्लॅनेलच्या फळ्यावर लावायची चित्रं आहेत: मेंढपाळ एक, मेंढरं बारा, हरवलेलं तेरावं, झुडूप एक, लांडगा एक. शास्त्रात मेंढरं शंभर आहेत, पण माझ्याकडे कापड शंभरांचं नव्हतं. प्रभू समजून घेईल. फळ्याला फ्लॅनेल ताणून बसवा. चित्र नुसतं दाबलं की चिकटतं, टाचणी नको की गोंद नको. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही त्यांना सुवार्ता सांगायची तर बोलायचं कमी आणि लावायचं जास्त. तुमच्यासारख्या बडबड्याला हे जड जाईल, पण करा.

आता खरं बोलते. आपल्या चर्चच्या मंडळीनं तुम्हाला त्या खाणीच्या वस्तीत सुवार्तेसाठी पाठवलं. निरोपाच्या प्रार्थनेला मीही आमेन म्हटलं. पण माझं आमेन वेगळं होतं. सात वर्षांपूर्वी त्याच वस्तीत तुमचे दादा सुवार्ता सांगायला गेले आणि परत आली ती त्यांची ट्रंक. सरकारी कागदावर ‘स्टोव्ह उडून मृत्यू’. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात: ‘मयत दाराशी सापडला, दोन्ही हातांची नखं तुटलेली.’ उघड्या दाराशी कुणाची नखं तुटतात, भाऊजी? कडी बाहेरून होती. कुणीतरी घातली आणि कुणीतरीच मागून काढली.

तो माणूस मला हवा आहे. त्याचं नाव शोधा, बाकीचं मी करते. मेंढरं तुम्ही शोधा, लांडगा मला कळवा.

तुमची,
वहिनी

ता. १६ फेब्रुवारी

प्रिय वहिनींना धाकट्या दिराचा सलाम.

छपराला भोक आहे, पण ते पलंगाच्या उजवीकडे आहे आणि मी डावीकडे झोपतो. खायला खाणीच्या खानावळीत मिळतं. मिळतं, एवढंच.

तुमच्या मेंढरांनी इथे धमाल उडवली. पहिल्या रविवारी पंधरावीस कामगार जमले, चार बायका होत्या. मी फळ्यावर मेंढपाळ लावला तर सगळे ताडकन उभे! मला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. मागून कळलं की तुम्ही त्याला दिलेली दाढी आणि काठी हुबेहूब इथल्या मुकादमाची आहे. पुढे लांडगा लावला तर टाळ्या. लांडगा आता मुकादमाला खाणार, अशी त्यांची समजूत. मेंढपाळानं तेराव्या मेंढराला उचलून खांद्यावर घेतलं तेव्हा कुठे शांत झाले. मग खडी चाळणारी एक बाई बोटं मोजून हातवारे करायला लागली. अर्थ असा, की हा एकाच्या मागे गेला, तोवर उरलेल्या बारांकडे कोण बघत होतं? वहिनी, मी दहा वर्षं ही गोष्ट सांगतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. मी आकाशाकडे बोट दाखवून वेळ मारून नेली.

फळ्याची चौकट इथल्या सुतारानं केली. माझी खोली त्याच्याच अंगणात आहे. खाणीच्या बोगद्यांना लाकडी टेकू लागतात, ते बनवणं त्याचं काम. साठीचा असेल, एकटा राहतो. पहिल्या दिवशी अंगणात मला बघितलं आणि त्याच्या हातातली पटाशी खाली पडली. मी म्हटलं, इतका का मी देखणा! आता तोच माझा भाषेचा मास्तर. मी वस्तू उचलून दाखवायची, त्यानं शब्द सांगायचा. चुकलो की लाकडाच्या ढलपीनं डोक्यात टपली मारतो. चौकटीचे कोपरे असे जोडलेत की नख शिरत नाही, आणि सगळं फुकट. हट्टानं फुकट. दर रविवारी सगळ्यांत मागे बसतो, आणि सगळे गेले की मेंढरं मोजून मला परत देतो. एकाच शब्दावर मात्र अडला. लहान मुलीला तुमच्यात काय म्हणतात, असं विचारलं तर उठून रंधा मारायला लागला. असेल काहीतरी.

तुम्ही सांगितलेल्या कामाबद्दल: सात वर्षांत इथले निम्मे लोक बदलले. जळालेली खोली पाडली, तिथे आता फळ्या रचलेल्या असतात. कुणी काही बोलत नाही, आणि माझी भाषा अजून ‘मीठ द्या, हातोडी द्या’ इतकीच. धीर धरा.

लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
भाऊजी

ता. १ मार्च

प्रिय भाऊजींना सलाम.

चार पानं आलीत, त्यातली साडेतीन मेंढरांवर आणि सुतारावर. कडीवर चार ओळी, आणि वर ‘धीर धरा’. धीर मी सात वर्षं धरलाय, भाऊजी. आता तो हाताला काचतोय.

मागच्या बुधवारी पाळकसाहेब आले होते. चहा झाल्यावर घसा खाकरला, तेव्हाच ओळखलं.

“बाई, सात वर्षं झाली. आता सोडून द्यावं. क्षमा करणाऱ्याला शांती मिळते.”

मी म्हटलं, “पाळकसाहेब, तुमची छत्री हरवली तेव्हा तीन रविवार व्यासपीठावरून जाहीर करत होतात. माझा तर नवरा गेलाय.”

उठले बिचारे. छत्री विसरून गेले. मी धावत जाऊन दिली. उगीच पुन्हा तीन रविवार नकोत.

लोक म्हणतात, स्टोव्ह कुणाच्याही घरी उडतो. कुणाच्याही उडेल, ह्यांचा उडणार नाही. चौदा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं एकदाही स्टोव्ह पेटवला नाही. मी बाळंतीण होते तेव्हा दहा दिवस पाव आणि पाणी यावर काढले, पण पंपाला हात लावला नाही. तिथेही ह्यांचा स्टोव्ह टेबलाखाली कोराच पडला होता, तसं स्वतः लिहिलं होतं ह्यांनी. मग त्या दिवशी तो पेटवला कुणी? ज्यानं कडी घातली त्यानंच. आत आग टाकली, दार ओढलं, कडी लावली. हे मला आरशासारखं स्वच्छ दिसतं.

म्हणून दुसरं पुडकं पाठवते आहे. ट्रंकेतून ह्यांचा फ्लॅनेलचा सदरा परत आला होता, तो मी कापला. त्यात एक खोली आहे. आत एक माणूस, चष्म्याचा. एक दार. एक ज्वाळा, ती दाराच्या बाहेरच्या बाजूला लावायची. आणि कडी, काळ्या कापडाची, वेगळी.

एका संदेष्ट्यानं अपराधी राजाला गोष्ट सांगितली होती, आठवतं ना? दुसऱ्याच माणसाची गोष्ट आहे असं वाटून राजा ऐकत गेला आणि स्वतःच सापडला. तुम्हीही तसंच करा. रविवारी मेंढरांच्या ऐवजी हे लावा. एक शब्द बोलू नका. सगळ्यांत शेवटी कडी लावा आणि माणसांकडे बघा. ज्याची नजर खाली जाईल तो आपला.

देवाचं काम आणि माझं काम एकाच फळ्यावर होईल. काटकसर म्हणा.

वहिनी

ता. २ मे

प्रिय वहिनींना सलाम.

उत्तराला उशीर झाला, माफी असावी. ताप आला होता. आता बरा आहे.

दुसरं पुडकं मिळालं, पण वाटेत भिजलं होतं. चित्रं लावण्याजोगी राहिली नाहीत. हळहळ वाटते, कारण तुम्ही मेहनत केली होती. चष्मा तर अगदी दादांचाच जमला होता, डाव्या काडीला गुंडाळलेला दोरासुद्धा तुम्ही विसरला नाहीत.

वर्ग बरा चाललाय. सहा जण नियमित येतात. खडी चाळणारी बाई अजून त्या बारा मेंढरांवर अडून बसली आहे. भाषा आता पुष्कळ समजते. कधी कधी वाटतं, कमी समजत होती तेच बरं होतं.

एक विनंती आहे. एक लहान मुलगी कापून पाठवाल का? सहा-सात वर्षांची, दोन वेण्या घातलेली. अधिकाऱ्याच्या मेलेल्या मुलीला प्रभूनं हाताला धरून उठवलं ती गोष्ट सांगायची आहे.

आणि वहिनी, रागावू नका, पण सूड देवाच्या हातात सोडून दिला तर? मी पाळकसाहेबांसारखं बोलत नाही. खरंच विचारतो.

तुमचा,
भाऊजी

ता. १९ मे

भाऊजी,

सलाम वगैरे पुढच्या खेपेला.

तो सदरा मी चौदा वर्षं धुतला. दगडावर आपटला, गरम पाण्यात बुडवला, एकदाही रंग सोडला नाही की आटला नाही. आणि तुम्ही मला सांगता, वाटेत भिजला आणि खराब झाला! कपड्यांच्या बाबतीत बाईमाणसाशी खोटं बोलू नये, इतकंही तुमच्या आईनं शिकवलं नाही? चष्म्याच्या काडीचा दोरासुद्धा दिसला तुम्हाला. तो दोरा मी एकेरी घातला होता. जवळून, उजेडात धरून, पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय तो दिसत नाही.

तुम्ही त्याला शोधलं आहे.

आणि तो कोण तेही मला ठाऊक आहे. फेब्रुवारीच्या पत्रात दोन पानं सुतार, सुताराचे कोपरे, सुताराची टपली. मेच्या पत्रात सुताराचं नावनिशाण नाही. मेला की काय? हिशेब लिहिणाऱ्या बाईला वहीत काय आहे त्यापेक्षा काय गाळलंय ते आधी दिसतं. तुमच्या चेहऱ्यात दादांचा चेहरा आहे, सगळं गाव म्हणायचं. तुम्हाला बघून त्याच्या हातातली पटाशी उगाच पडली नाही. आणि तुम्ही स्वतःला देखणे समजत बसलात.

त्याच्या अंगणात राहता. त्याच्याकडून शब्द शिकता. सख्ख्या भावाला ज्यानं कोंडून जाळलं त्याच्या हातची टपली खाता आणि हसता. लाज कशी वाटत नाही?

वकिलाच्या कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला आहे. तिथल्या पोलिसांना, आपल्या आणि त्यांच्या दोन्ही सरकारांना. फक्त नावाची जागा कोरी आहे. त्याला फाशी होईल की नाही माहीत नाही, पण त्याच्या दाराला बाहेरून कडी लागलेली मला बघायची आहे. मी रोज गुडघे टेकून हेच मागते. देवाला आवडत नसेल तर त्यानं मला तसं सांगावं, अजून सांगितलेलं नाही.

उलट टपालानं नाव कळवा. मुलगी-बिलगी मी कापणार नाही. मेलेल्यांना उठवायचं असेल तर माझ्या घरातला आधी उठवा.

वहिनी

ता. ३० जून

प्रिय वहिनी,

तुम्ही ओळखलंत. तो सुतारच आहे. पुडकं भिजलं नव्हतं, मी खोटं बोललो. खरं हे असं.

मार्चमध्ये तुमचं पुडकं आलं. सगळ्यांसमोर लावायचं धाडस झालं नाही. खोलीत एकटाच लावून बघत होतो, तर सुतार आपली हातोडी परत मागायला दारात आला. फळा बघून तिथेच थांबला. कडी लावलेली होती. त्याची नजर खाली गेली नाही, वहिनी. तो सरळ बघत राहिला. मग म्हणाला, “चुकलंय.”

मला वाटलं, आता कडी काढून टाकील. कडीला त्यानं हात लावला नाही. त्यानं ज्वाळा उचलली. तुम्ही ती बाहेर ठेवायला सांगितली होती. त्यानं ती आत, चष्म्याच्या माणसाच्या हातापाशी लावली. आणि म्हणाला, “एक माणूस कमी आहे.”

आपल्या झोपडीत जाऊन तो लाकडाचा एक तुकडा घेऊन आला. बोटाएवढा, कोळसा झालेला. एका टोकाला कोरलेली वेणी अजून दिसते. तो तुकडा त्यानं फळ्यावर दाबला. लाकूड फ्लॅनेलला चिकटत नाही, खाली पडलं. पुन्हा दाबला, पुन्हा पडलं. तीनदा. शेवटी तो तुकडा हातानं फळ्याशी धरून उभाच राहिला.

ती त्याची मुलगी. सात वर्षांची असताना त्याच खोलीत तापानं गेली. तीन दिवस हाका मारत होती, खाणीचा डॉक्टर आला नाही. तिच्याएवढी नाही तरी तिच्यासारखी दिसणारी बाहुली त्यानं लाकडात कोरली आणि कोनाड्यात ठेवली. रोज संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावायचा, कारण तिला अंधाराची भीती वाटायची. दादांना खोली दिली ती एकाच अटीवर: कोनाड्याला हात लावायचा नाही. दादांनी मान हलवली. भाषा कळत नव्हती, पण दादा मान नेहमीच हलवायचे, तुम्हाला माहीतच आहे.

दादांना वाटलं, ही मूर्ती आहे आणि मालक तिची पूजा करतो.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दादा सुताराच्या कामाच्या बाकापाशी आले. एका हातात एक निळं पत्र. दुसऱ्या हातानं काडी ओढल्याची खूण केली. सुतारानं खुशीनं काड्यापेटी दिली. वर्षभर बिनचहाचा राहणारा माणूस आज चहा करणार, म्हणून त्यानं चिडवलंही. दादा हसले, पत्र बाकावरच विसरले आणि आत गेले. थोड्या वेळानं सुताराला वास आला. रॉकेलचा, आणि आपल्या हातानं घासलेल्या त्या लाकडाचा. सुताराला लाकडाचा वास कळतो, वहिनी. खिडकीतून बघितलं, तर स्टोव्हवर त्याची मुलगी जळत होती आणि दादा हात जोडून प्रार्थना म्हणत होते.

त्यानं दार ओढलं आणि कडी घातली.

मी विचारलं, “मारायला?”

तो म्हणाला, “नाही. त्यानंही एकदा हाक मारावी आणि कुणी येऊ नये, म्हणून. थोडा वेळ. मग काढणार होतो.”

“मग?”

“मग स्टोव्ह फुटला.”

“तेव्हा का नाही काढली?”

घाबरला असशील, असं मीच वर म्हटलं. मी टाळायला वाट देत होतो, त्यानं घेतली नाही. म्हणाला, “हात कडीवर होता. तो दार ठोकत होता ते हाताला कळत होतं. मी काढली नाही. ठोकणं थांबल्यावर काढली.”

हे सगळं मला मार्चपासून माहीत आहे. ताप आला नव्हता. तरी मी तुम्हाला कळवलं नाही, ते त्याला वाचवायला नाही. तुम्हाला वाचवायला. बाकावर राहिलेलं ते निळं पत्र त्यानं सात वर्षं डब्यात जपून ठेवलं होतं. मेलेल्या माणसाचा कागद टाकवेना म्हणाला. त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “काय लिहिलंय?”

ते तुमचं पत्र आहे, वहिनी, दादांनी त्या ‘मूर्ती’बद्दल घरी लिहिलं होतं त्याचं उत्तर. सोबत जोडलं आहे. लेकीच्या शाळेच्या बुटांच्या खाली आणि मोजे उलटे करून वाळत घालण्याच्या वर, चार ओळी आहेत. तुमचंच अक्षर: ‘एका खोलीत दोन मालक राहत नाहीत. हे पत्र मिळेल त्याच दिवशी ते लाकूड स्टोव्हवर घाला. स्टोव्ह पेटवता येत नसेल तर रॉकेल सढळ हातानं ओता आणि काडी लांबून टाका. भिऊ नका, मी इथे प्रार्थनेत आहे.’

मी त्याला सांगितलं, घरची खुशाली आहे.

त्याला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मी कधी विचारलं नव्हतं, तोच म्हणाला. पण पाण्यात उतरायच्या आधी घरच्या बाईला कळू दे, म्हणतो. कळल्यावर ती म्हणेल ते. क्षमा मागत नाही. तो शब्द मी त्याला शिकवला, त्यानं ऐकून घेतला, वापरला नाही.

अर्ज करायचा असेल तर करा, त्याचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं आहे. तो कुठे पळणार नाही. त्याच्या झोपडीच्या दाराला कडीच नाही. सात वर्षांपूर्वी उपटून टाकली.

तुमचा,
भाऊजी

ता. १८ ऑगस्ट

प्रिय भाऊजींना वहिनीचा सलाम.

दीड महिना उत्तर दिलं नाही. ताप आला नव्हता.

मला हे पत्र आठवत नव्हतं, असं लिहायला बसले होते. तसं अर्धं पान लिहिलंही. मग ते फाडलं. त्या चार ओळी आठवत नव्हत्या, हे खरं. पण लिहिल्याचं आठवत होतं. ट्रंक घरी आली त्याच दिवशी आठवलं होतं. तेव्हापासून मी मोठमोठ्यानं म्हणत आले, की ह्यांना स्टोव्ह पेटवता येत नव्हता. इतक्या मोठ्यानं, की मला दुसरं काही ऐकू येऊ नये.

सढळ. भाऊजी, उभ्या जन्मात मी कुणाला सढळ हातानं काही घ्या म्हटलं नाही. साबण नाही, साखर नाही. तुम्ही हसायचात, वहिनी आमटीत मीठसुद्धा मोजून टाकते म्हणून. एकदाच लिहिला तो शब्द.

अर्ज घेऊन वकिलाच्या कारकुनाकडे गेले होते. नाव घातलं. मग तुम्ही पाठवलेलं निळं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, “हेही जोडा.”

त्यानं वाचलं, चष्मा काढला. “हे जोडू नका, बाई. केस ढिली होईल.”

“न जोडता अर्ज खोटा होईल.”

“मग अर्जच करू नका.”

“करू नको कसा? त्यानं कडी घातली. ठोकणं ऐकत उभा राहिला.”

“बाई,” तो म्हणाला, “तुम्हाला नक्की कुणाला शिक्षा हवी आहे?”

मी अर्ज आणि पत्र दोन्ही उचलून घरी आले. अर्ज फाडलेला नाही. तसा गोड गैरसमज करून घेऊ नका. तो शिवणाच्या डब्यात आहे, सुया आहेत तिथे.

मी तिकडे येते आहे. पुढच्या महिन्याच्या दहाव्या तारखेपर्यंत पोचेन. लेक मावशीकडे राहील. माझ्यासाठी खानावळीत सांगू नका, माझा स्टोव्ह मी आणते. आणि क्षमा करायला येते असं त्याला सांगू नका. तुटलेली नखं माझ्या माणसाची होती. ती मी इतक्यात विसरणार नाही, आणि कदाचित कधीच नाही. त्याच्या बाप्तिस्म्याला माझी हरकत आहे की नाही, हेही मला तिथे येऊनच कळेल.

मुलगी कापली आहे. सात वर्षांची, दोन वेण्या. उरलेल्या सदऱ्यातून निघाली. ही फळ्याला चिकटेल, हातानं धरून उभं राहायला नको. मी यायच्या आधी तुम्ही ती त्याला देऊ नका, ती मी देईन. जे माझ्या सांगण्यावरून जळलं ते माझ्याच हातानं दिलं पाहिजे. त्याचा आणि कडीचा काही संबंध नाही.

तुम्ही त्याला सांगितलंत, पत्रात घरची खुशाली आहे. तेही मी येईपर्यंत तसंच राहू दे. पत्र मी त्याच्यासमोर वाचीन, बुटांपासून मोज्यांपर्यंत सगळं. तुम्ही शब्दाला शब्द त्याच्या भाषेत सांगायचा. दया येऊन काही गाळाल तर याद राखा. ‘सढळ’ हा शब्द गाळायचा नाही. ‘मी इथे प्रार्थनेत आहे’, हेही गाळायचं नाही.

मग फळा उभा करा. या खेपेला चित्रं मी लावीन. खोली तीच. चष्म्याच्या माणसाला मी बाहेर काढून घेतलं आहे, तो आता माझ्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. त्याच्या जागी दुसरं चित्र कापलं आहे: टेबलाशी बसलेली एक बाई, हातात लेखणी. ज्वाळा तिच्या लेखणीपाशी लावीन.

आणि कडी सुताराच्या हातात देईन.

वहिनी